अधिकाऱ्यांचे व कर्मचाऱ्यांचे आभार

दुकानातल्या कॉम्प्युटरवर विंडोज नाही हे कळलं की नवं गिऱ्हाईक जरा बिचकतं. स्क्रीनकडे बघतं, माझ्याकडे बघतं आणि विचारतं, "मग कोरल कसं काय चालतं ओ ताई तुमच्यात?" चालत नाही, मी सांगते. कोरलसारखं डिझाइन करायला इंकस्केप आहे, फोटोंना गिम्प आहे, पानं लावायला स्क्रायबस आहे. "क्रॅक मारलंय काय?" नाही, ते फुकटच मिळतं. इथं गिऱ्हाइकाचा चेहरा खरा पडतो. आमच्या धंद्यात चोरीच्या सॉफ्टवेअरला कुणी नावं ठेवत नाही. असेंबल पीसी घेतला की दुकानदारानं त्यात 'सगळं टाकून' द्यायचं, हे भावातच धरलेलं असतं. मी डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावणं, शिकले त्या क्लासमध्ये सीड्यांची एक पेटी होती, मार्करनं नावं लिहिलेली, आणि ती सरस्वतीच्या फोटोखाली ठेवलेली असायची. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. पण राजरोस, कायदेशीर फुकट म्हटलं की माणूस सावध होतो. यात काहीतरी मेख असणार असं त्याला वाटतं. मग पुढचा प्रश्न ठरलेला: "फुकट कसं परवडतं मग त्यांना? त्यांना काय मिळतं?"

या प्रश्नाला मी आजवर बरीच उत्तरं दिली आहेत. घाईत असले की "हौस असते एकेकाला" म्हणून सोडून देते. गिऱ्हाईक प्रुफासाठी बसून राहणार असेल तर जरा लांबण लावते. हा लेख त्या लांबणीचाच समजा.

मी प्रोग्रामर नाही. सांगलीत मारुती रोडवरून आत एका बोळात माझं दुकान आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, उत्तरकार्याची कार्डं, शाळेच्या स्मरणिका, एखादा दिवाळी अंक, आणि ऑगस्ट-सप्टेंबरात पतसंस्थांचे वार्षिक अहवाल. सहकारी संस्थांना वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, त्यामुळे पतसंस्था, विकास सोसायट्या, दूध संस्था सगळ्या एकदमच जाग्या होतात. या अहवालांचा साचा इतका पक्का असतो की मी तो झोपेत लावीन. अध्यक्षांचं मनोगत, श्रद्धांजली, ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, पोटनियम दुरुस्ती, आणि शेवटी सहकार खात्याच्या अधिकाऱ्यांचे, लेखापरीक्षकांचे, सभासदांचे, ठेवीदारांचे व कर्मचाऱ्यांचे आभार.

मी लिनक्सकडे, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या या फुकट प्रणालीकडे, वळले ती काही तत्त्वं वाचून वळले नाही. फॉन्टांनी वळवलं.

जुन्या मराठी फॉन्टांची गंमत ज्यांनी भोगली नाही त्यांना सांगायला हवी. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत, येण्याआधी, आणि आल्यानंतरही बरीच वर्षं, आमच्याकडे मराठी टाइप व्हायचं ते कॉम्प्युटरच्या लेखी मराठी नसायचंच. फॉन्टमध्ये २५६ घरं. मूळ इंग्रजी आणि युरोपी अक्षरांसाठी आखलेली. फॉन्टवाल्यांनी त्या घरांत देवनागरीचे तुकडे बसवले: एका घरात काना, एकात अर्धा म, एकात रफार, एकात वेलांटी. कॉम्प्युटर आपला इंग्रजी अक्षरं साठवतोय, दिसतं मात्र मराठी. प्रत्येक कंपनीची घरवाटणी वेगळी, त्यामुळे फाइल दुसऱ्या मशीनवर नेली आणि तिथं तोच फॉन्ट नसला की अध्यक्षांच्या मनोगताच्या जागी डोक्यावर टिंबं आणि टोप्या घातलेली युरोपी अक्षरं, मधूनच पौंडाची खूण, कुठं टक्के. 'फॉन्ट लागला नाही' हे वाक्य आमच्या धंद्यात रोज ऐकू यायचं. वर डोंगल असायचं, म्हणजे मशीनच्या मागं लावायचं कुलूप. ते असेल तरच टायपिंगचं सॉफ्टवेअर उघडणार. माझं एका पावसाळ्यात गेलं. ज्यांच्याकडून घेतलं होतं त्यांना फोन केला तर "नवीन व्हर्जन घ्या" म्हणाले, आणि किंमत सांगितली. मी टाइप केलेलं, मी तपासलेलं, पण त्याची किल्ली त्यांच्याकडे.

त्यानंतर थोड्याच दिवसांत एक पतसंस्था आली. त्यांचा रौप्यमहोत्सव होता, आणि मागच्या सगळ्या अहवालांतली मनोगतं एकत्र करून स्मरणिका काढायची होती. जुन्या फाइली एका सीडीवर होत्या. उघडल्या, आणि वर सांगितलं तेच: टोप्या, टिंबं, पौंड. पुन्हा सगळं टाइप करायला एक मुलगी बसवली असती तरी महिना गेला असता. शोधता शोधता एक कन्व्हर्टर सापडला. कुणीतरी तो लिहून, कुणालाही वापरता आणि बदलता येईल अशा परवान्याखाली ठेवून दिला होता. एका चौकोनात जुनं मॅटर टाकायचं, बटण दाबायचं, दुसऱ्या चौकोनात युनिकोड बाहेर. टाकलं. आणि खरंच मराठी बाहेर आली! फक्त शेवटच्या पानावर 'अधिकार्यांचे व कर्मचार्यांचे आभार' आलं होतं.

मराठी डोळ्याला हे किती टोचतं ते सांगायला नको. मग वर जाऊन बघितलं तर 'सातबार्यावर' होतं, 'शेतकर्यांना' होतं. जिथं जिथं 'ऱ्या' हवा तिथं य-च्या डोक्यावर रफार.

कन्व्हर्टरची फाइल साध्या एडिटरमध्ये उघडली. आत जावास्क्रिप्ट होतं, ते मला तेव्हाही येत नव्हतं आणि आताही येत नाही. पण मधोमध एक लांबलचक यादी होती, ती कुणालाही वाचता आली असती: डावीकडे जुन्या फॉन्टातलं चिन्ह, उजवीकडे त्याचं युनिकोड अक्षर. त्या फॉन्टात र-साठी दोन घरं होती, एक डोक्यावरचा रफार आणि एक ती आडवी छोटी रेघ. लिहिणाऱ्यानं दोन्ही एकाच रफारात जमा केली होती. बहुधा हिंदीभाषक असावा. हिंदीला त्या रेघेशी देणंघेणं नाही. मी आडव्या रेघेची ओळ वेगळी केली, उजवीकडे इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डवर शिफ्ट-जे दाबून ऱ आणि पुढे हलन्त घातला, सेव्ह केलं आणि पान पुन्हा चालवलं. कर्मचाऱ्यांचे आभार जागेवर आले.

ओपन सोर्सबद्दल, म्हणजे ज्याचा मूळ कोड कुणालाही बघता-बदलता येतो अशा सॉफ्टवेअरबद्दल, स्वातंत्र्य, समाज, चळवळ असं पुष्कळ काही बोललं जातं आणि ते खोटं आहे असं मी म्हणणार नाही. पण माझं त्याच्याशी नातं जुळलं ते तेवढ्यासाठी, की बिघाड जिथं होता तिथपर्यंत माझा हात पोचला. डोंगलवाल्या सॉफ्टवेअरात हाच बिघाड असता तर मी फोन केला असता आणि त्यांनी मला नवीन व्हर्जन सुचवलं असतं.

(ज्यांना खाज आहे त्यांच्यासाठी: ही आडवी रेघ युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी काढता येते. एक ऱ आणि हलन्त, दुसरी र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा एक जोडक. दिसायला सारखं, पण कॉम्प्युटरच्या लेखी वेगळं, म्हणून एका पद्धतीनं शोधलं की दुसऱ्या पद्धतीनं लिहिलेलं बऱ्याचदा सापडत नाही. 'ॲ'चंही तेच. हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे आलं ते २००८ साली. त्याआधी सगळे अ-वर चंद्र चढवायचे आणि अजून पुष्कळ जण चढवतात. आमच्या पतसंस्थांच्या संचालक मंडळात एकतरी ॲडव्होकेट असतोच, त्यामुळे दरवर्षी निम्मे 'ॲड.' एका पद्धतीचे आणि निम्मे दुसऱ्या. मी बदलत बसते. कुणाला दिसत नाही, पण मला ते माहीत असतं.)

आता स्क्रायबसची गोष्ट. पुस्तकाची पानं लावायचं हे सॉफ्टवेअर मला सुरुवातीपासून हवं होतं, कारण ते छपाईवाल्यांसाठीच केलेलं आहे. चार रंगांची वेगळी पट्टी, कापणीच्या खुणा, प्लेटवाल्याला चालेल अशी पीडीएफ, सगळं त्यात होतं. एकच अडचण, त्याला देवनागरी येत नव्हती. आपल्या लिपीत टाइप करताना आधी क येतो आणि मग ऱ्हस्व वेलांटी, पण दिसताना वेलांटी आधी उभी राहते. क आणि ष हलन्तानं जोडले की तिसरंच रूप होतं. हे सगळं जुळवून चित्र कसं काढायचं हे ठरवणारी एक स्वतंत्र यंत्रणा लागते, आणि स्क्रायबसकडे ती नव्हती. वेलांट्या चुकीच्या बाजूला, जोडाक्षरं सुटी, सगळीकडे हलन्ताचे पाय लोंबकळलेले. मी शीर्षकं इंकस्केपमध्ये करायचे, त्यांच्या अक्षरांची रेषांत मोडणी करायचे आणि चित्र म्हणून स्क्रायबसमध्ये आणायचे. पत्रिकेला हे चालून जातं. ऐंशी पानांच्या अहवालाला नाही चालत; संचालक प्रुफात खाडाखोड करतात आणि चित्रातली अक्षरं दुरुस्त होत नाहीत.

मग २०१७ साली स्क्रायबसची १.५.३ ही आवृत्ती आली आणि मराठी जुळली. एका आवृत्तीत सगळ्या वेलांट्या आपापल्या जागी. हे कुणी केलं म्हणून शोधायला गेले, तर ओमान! तिथल्या एका गटाला अरबीत पानं लावायला स्क्रायबस हवं होतं. अरबी उजवीकडून डावीकडे जाते, शब्दात आधी, मध्ये, शेवटी अशा जागेप्रमाणं अक्षर रूप बदलतं. त्यांनी स्क्रायबसला हार्फबझ जोडायचं काम हाती घेतलं. हार्फबझ म्हणजे वर सांगितलेली ती अक्षरं जुळवणारी यंत्रणा. फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड, लिब्रे ऑफिस या सगळ्यांच्या पोटात तीच आहे. तुम्ही हा लेख फोनवर वाचत असाल तर ही वेलांटीही बहुधा तिनंच जागेवर बसवली असेल. हार्फबझला अरबी येते तशी देवनागरीही येते, बंगालीही येते, कन्नडही येते. दरवाजा अरबीसाठी उघडला आणि त्यातून आम्ही सगळे आत शिरलो.

मस्कतमध्ये बसून कुणी सांगलीच्या पतसंस्थेचा विचार केला असेल असं मला अजिबात वाटत नाही, आणि मला याचंच फार अप्रूप वाटतं. दानधर्म केला, गरिबांना सॉफ्टवेअर वाटलं असं त्यात काही नव्हतं. त्यांची स्वतःची नड होती. ती त्यांनी उघड्यावर भागवली म्हणून माझी भागली.

"त्यांना काय मिळतं?" याचं निदान एक उत्तर इथं आहे. बहुतेकांची आधी स्वतःची काहीतरी अडचण असते. पॅरिसच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातल्या पोरांना १९९६ च्या सुमाराला होस्टेलचं नेटवर्क वेगवान हवं होतं. त्याला पैसे मिळावेत म्हणून त्यांनी नेटवर्कवरून व्हिडिओ दाखवायचा प्रकल्प घेतला, आणि त्यातून व्हीएलसी हे व्हिडिओ बघायचं सॉफ्टवेअर झालं. लग्नाचं शूटिंग कुठल्याही फॉरमॅटात आणा, व्हीएलसी उघडतं. त्याच्या चिन्हातला तो रस्त्यावरचा नारिंगी शंकू त्या पोरांनी गोळा केलेल्या शंकूंची आठवण आहे. २००१ मध्ये कॉलेजनं ते सगळ्यांना खुलं करायला परवानगी दिली. ब्लेंडर या थ्रीडी ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरचं आणखी वेगळं. ते करणारी कंपनी २००२ मध्ये बंद पडली, आणि गुंतवणूकदार म्हणाले की १ लाख युरो द्या, मग सॉफ्टवेअर खुलं करतो. वापरणाऱ्यांनी ७ आठवड्यांत वर्गणी जमवली. आमच्याकडे गणपतीची वर्गणी काढताना पोरं किती दारं वाजवतात ते बघितलेल्या माणसाला हे जास्तच भारी वाटतं.

आणि सगळ्यात आधीची गोष्ट प्रिंटरची आहे, म्हणून ती माझी लाडकी. १९८० च्या आसपास अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्सचा एक नवा लेझर प्रिंटर आला. रिचर्ड स्टॉलमन तिथं काम करायचा. आधीच्या प्रिंटरमध्ये कागद अडकला की वाट बघणाऱ्यांच्या स्क्रीनवर निरोप जाईल अशी सोय त्यानं स्वतः करून ठेवली होती, म्हणजे कुणीतरी उठून कागद काढेल. नव्या प्रिंटरच्या सॉफ्टवेअरचा मूळ कोडच दिला नव्हता. दुसऱ्या एका विद्यापीठातल्या माणसाकडे तो होता. स्टॉलमन मागायला गेला, तर तो म्हणाला, मी न देण्याच्या करारावर सही केली आहे. स्टॉलमनच्या ते डोक्यात बसलं. सप्टेंबर १९८३ मध्ये त्यानं ग्नू या खुल्या सॉफ्टवेअरच्या प्रकल्पाची घोषणा केली; पुढे ज्या परवान्यांच्या आधारावर हे सगळं उभं राहिलं ते त्यातून आले. प्रेसमधल्या माणसाला ही गोष्ट सांगितली की लगेच पटते. कागद अडकणं ही काय चीज आहे हे ज्याला रोज सोसावं लागतं, त्याला स्टॉलमनचा राग समजावून सांगावा लागत नाही. माझे ऑफसेटवाले काका तर म्हणाले, "बरोबरच हाय की. मशीन आपली, कागद आपला, आन् झाकण उघडायचं न्हाई?"

फॉन्टांचंही आता बरंच बरं आहे. रेड हॅट कंपनीनं 'लोहित' हा फॉन्ट दिला, मुंबईच्या 'एक टाइप'नं 'मुक्त' हा दिला, आणखी कितीतरी आले. बऱ्याच फॉन्टांचा परवाना साधारण असा: नुसता फॉन्ट विकायचा नाही, बाकी वापरा, वाटा, बदला. मी अहवालाबरोबर फॉन्टची फाइलही पेनड्राइव्हवर टाकून प्रेसला पाठवते, कुणाच्या बापाची भीती नाही. मराठीचा ल आणि श हिंदीपेक्षा वेगळ्या वळणाचा असतो. भाषा मराठी निवडली की ही वळणं आपोआप लागतील अशी सोय काही फॉन्टांत असते. आमच्या एका संचालकांना, निवृत्त हेडमास्तर होते, तो ल बघून झालेला आनंद मी विसरणार नाही.

पण हे चित्र फार गोड करायचं नाही मला.

२९ मार्च २०२४ ला जे उघडकीला आलं ते वाचून मी त्या रात्री नीट झोपले नव्हते. एक्सझेड नावाचं फाइली दाबून लहान करायचं छोटंसं सॉफ्टवेअर आहे. लिनक्सच्या बहुतेक मशीनींवर ते असतंच, माझ्याही होतं. आंद्रेस फ्रॉइंड नावाचा एक इंजिनिअर पोस्टग्रेस डेटाबेसच्या वेगाची मोजमापं घेत होता. दुसऱ्या मशीनवर शिरायला लागणारा वेळ नेहमीपेक्षा अर्ध्या सेकंदानं जास्त येतोय असं त्याच्या लक्षात आलं. अर्धा सेकंद! आपण म्हटलं असतं, नेट स्लो असेल. तो खोदत गेला, तेव्हा कळलं की एक्सझेडच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कुणीतरी चोरदरवाजा बसवलाय, असा की लाखो सर्व्हरांत परस्पर शिरता यावं. सुदैवानं या आवृत्त्या अजून सगळीकडे पसरल्या नव्हत्या.

दरवाजा बसवणारा जिया टॅन या नावानं वावरत होता. खरा कोण ते अजून कळलेलं नाही. दोनेक वर्षं त्यानं इमानानं, नम्रपणे काम केलं, आणि विश्वास कमावून एक्सझेडचा जोडीदार-सांभाळकर्ता झाला. मला जास्त लागली ती त्याआधीची गोष्ट. एक्सझेड इतकी वर्षं लासे कोलिन हा फिनलंडमधला माणूस जवळजवळ एकट्यानं सांभाळत होता, पगाराशिवाय. २०२२ मध्ये त्याच्या मागं काही लोक लागले: नवी आवृत्ती का येत नाही, तुम्हाला जमत नसेल तर दुसऱ्याला द्या. त्या नावांत एक जिगर कुमारही होता, आपल्याकडचा वाटावा असा. ही नावंही त्याच कटातली, बनावट होती असं आता बहुतेक जण मानतात. कोलिननं तेव्हा उत्तर दिलं होतं की आपली मानसिक तब्येत बरेच दिवस बरी नाही, आणि हा बिनपगारी, छंदाचा प्रकल्प आहे हेही ध्यानात घ्यावं.

ते वाचताना माझ्यासमोर माझा स्वतःचा व्हॉट्सॲप होता. "ताई झालं का?" "पीडीएफ पाठवा ना." "अध्यक्ष विचारतायत." आणि हे पैसे देणारे लोक आहेत, मी निदान बिल तरी लावते.

'कोड उघडा असतो, हजारो डोळे बघतात, म्हणून तो सुरक्षित' असं आमच्यातले उत्साही लोक सांगतात. मला ते कधीच पटलं नाही आणि आता तर मुळीच नाही. बघत कुणी नसतं. मी कन्व्हर्टरची फाइल उघडली ती माझं अडलं म्हणून, कौतुकानं वाचायला नव्हे. फ्रॉइंडनंही आपलं काम करताना खटकलं म्हणून बघितलं. उघडेपणानं एवढंच होतं की ज्याला खटकलं त्याला तळापर्यंत जाता येतं, कुणाची परवानगी न मागता. ते थोडं नाही. पण रोज राखण करणारा एखादा थकलेला माणूस असतो, आणि तो थकलाय हे कुणाच्या गावी नसतं. डॅनियल स्टेनबर्ग नावाचा स्वीडनमधला माणूस १९९८ पासून कर्ल हे इंटरनेटवरून माहिती आणणारं-पाठवणारं सॉफ्टवेअर सांभाळतो. फोन, टीव्ही, गाड्या, कशाकशात ते आहे. गाडीच्या स्क्रीनवर परवान्यांची यादी असते, तीत त्याचं नाव आणि ईमेल दिसतो. मग गाडीचा नकाशा चालेना की लोक त्यालाच पत्र पाठवतात. त्यानं ही पत्रं जाहीर केली आहेत. हसू येतं, पण जरा वेळानं वाटतं, त्या भल्यामोठ्या गाडीत एकाच माणसाचा पत्ता दिसला, तर लोक दुसरं काय करणार?

या सगळ्यावर माझ्याकडे काही उपाय नाही. ज्या सॉफ्टवेअरवर माझं पोट चालतं त्यांना अहवालांचा हंगाम संपला की थोडे पैसे पाठवते, आणि मला जमतं ते एक काम करते: मराठीच्या चाचणीचं पान. त्यात मुद्दाम अवघड शब्द भरलेत: कुऱ्हाड, ऱ्हस्व, वाङ्मय, उद्घाटन, सख्ख्या, ॲड., शेतकऱ्यांच्या. नवी आवृत्ती आली की हे पान उघडायचं, पीडीएफ काढायची, त्यातलं मॅटर पुन्हा कॉपी करून बघायचं. कुठं फुटलं की कळवायचं. कळवताना "मराठी नीट दिसत नाही" असं लिहून भागत नाही. कुठली आवृत्ती, कुठला फॉन्ट, काय दिसायला हवं, काय दिसतंय, दोन्हींची चित्रं. कधी लगेच उत्तर येतं, कधी कित्येक महिने काहीच नाही. एकदा युरोपातल्या कुणीतरी विचारलं की हे अक्षर चुकलंय हे तुम्ही कशावरून म्हणता, आम्हाला तर दोन्ही सारखीच दिसतात. मी बालभारतीच्या पुस्तकातलं पान स्कॅन करून पाठवलं. त्यानं फक्त 'पटलं' म्हणून वर केलेल्या अंगठ्याची खूण पाठवली, आणि पुढच्या आवृत्तीत अक्षर दुरुस्त झालेलं होतं.

आणि रडगाणंही आहेच. पार्टी कोरलची फाइल घेऊन येते. इंकस्केप ती उघडतं, पण निम्म्या वेळा सावल्या गायब. गिम्पची ३.० आवृत्ती मार्च २०२५ मध्ये आली, तिची वाट बघता बघता माझा भाचा बारावी होऊन नोकरीला लागला. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा पाठिंबा संपला, तेव्हा गल्लीतल्या निम्म्या लोकांनी जुने लॅपटॉप माझ्याकडे आणून टाकले, कारण विंडोज ११ त्यांच्यावर चढेना. मी लिनक्स मिंट चढवून दिलं. बहुतेकांना ब्राउझरपलीकडे काही लागतच नाही, ते खूश आहेत. एकानं मात्र परत आणला. त्याला हिशेबाचं टॅली हवं होतं, आणि तिथं माझं काही चाललं नाही. 'लिनक्सवर सगळं होतं' असं म्हणणाऱ्यानं एकदा आमच्या गणपती पेठेतल्या दिवाणजीसमोर बसून दाखवावं.

सध्या माझं भांडण स्क्रायबसच्या टेबलांशी चाललंय. २०२४ च्या जानेवारीत १.६ आली, मजकूर छान लागतो, पण टेबलं अजून कच्ची आहेत. ताळेबंद म्हणजे डाव्या बाजूला देणी, उजव्या बाजूला येणी, मागचं वर्ष, चालू वर्ष, आकड्यांचे स्वल्पविराम आपल्या पद्धतीचे, आणि शेवटी दोन्ही बेरजा एका ओळीत यायलाच हव्यात, नाहीतर लेखापरीक्षक पान परत पाठवतात. नमुन्याची फाइल जोडून मी ते कळवलंय. खाली आणखी दोघांनी "आमच्याकडेही असंच होतं" म्हणून लिहिलंय, एक पोलंडचा आहे. "कधी होणार?" असं मी विचारलेलं नाही, विचारणारही नाही. तोवर ताळेबंदाची पानं लिब्रे ऑफिसच्या कॅल्कमध्ये करते आणि त्यांची पीडीएफ स्क्रायबसच्या पानात बसवते. काकांना प्लेट काढताना फरक कळत नाही, आणि लेखापरीक्षकांना तर नाहीच.